शनिवारचे मॉस्को

सर,

आधी वस्तुस्थिती, तीही क्रमाने, मत नंतर. हा नियम तुमचाच, म्हणून त्यात मी सवलत घेत नाही. पहिली गोष्ट, तुम्ही हयात नाही, आणि याला आता इतकी वर्षे झाली आहेत की माझे आजचे वय तुमच्या अखेरच्या वयापेक्षा अधिक आहे. दुसरी, ज्या देशाची भाषा तुम्ही आम्हाला शिकवलीत तो देश तुमच्याही आधी गेला. ती बातमी तुम्ही स्वतः ऐकली होतीत, त्यामुळे मला द्यावी लागत नाही. तिसरी, वर्ग चालू आहे. सदाशिव पेठेतल्या त्याच शाळेत, वरच्या मजल्यावरच्या त्याच खोलीत, शनिवारी संध्याकाळी. तो मी घेते. चौथी, गेल्या शनिवारी एका विद्यार्थिनीने, मी जिथे उभे केले होते तिथे उभे राहण्यास नकार दिला. आणि पाचवी, जी मुद्दाम शेवटी ठेवली: तिचे म्हणणे बरोबर आहे.

तुमचीच पद्धत तुम्हाला समजावून सांगणे हास्यास्पद आहे, पण मुद्दा निसटू नये म्हणून लिहून ठेवते. शनिवारी पुस्तके बंद. बाके भिंतीला सरकवलेली. एका विद्यार्थ्याने पुढे व्हायचे आणि बाकीच्यांना मॉस्कोतून चालवत न्यायचे: भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर, एका लेखकाचे नाव दिलेल्या मोठ्या रस्त्याने सरळ, दुधाच्या दुकानावरून डावीकडे, छपराच्या बाजारापर्यंत. सगळे रशियन भाषेत. वाटेत भेटणारी सगळी माणसे तुम्ही. पोलीस तुम्ही, ट्रामची कंडक्टर तुम्ही, भर थंडीत आइस्क्रीम विकणारी आजीबाईही तुम्हीच. जो वाट चुकेल त्याला तुम्ही अतिशय सौजन्याने सांगत असा, ‘‘तुम्ही इथेच थांबा. पुढच्या शनिवारी इथूनच निघू.’’ आणि तो खरोखरच आठवडाभर तिथे थांबलेला असे. मधल्या वारी टिळक रस्त्यावर आम्ही एकमेकांना भेटलो की पहिला प्रश्न तोच. ‘‘कुठे आहेस?’’ ‘‘दुधाच्या दुकानासमोर.’’ ‘‘अजून?’’ ‘‘अजून.’’ ऐकणाऱ्याला वाटावे, नाक्यावरच्या सरकारी दूध केंद्राची रांग सरकत नाही. तीही सरकत नसेच, पण तो प्रश्न वेगळा.

ते दुधाचे दुकान तुम्हाला फार प्रिय होते. त्या शहरात दुकानाला मालकाचे नाव नसते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत. पावाच्या दुकानावर ‘पाव’ लिहिलेले असते, पुस्तकांच्या दुकानावर ‘पुस्तके’, दुधाच्या दुकानावर ‘दूध’. ‘‘आता लक्ष्मी रस्त्याने जाऊन या,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘आणि पाट्या वाचा. कोणाचे आजोबा कोण होते ते सगळं कळतं. आत काय मिळतं ते विचारावं लागतं, आणि विचारलं की मालक रागावतो.’’ आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. दिवसा एका सरकारी कारखान्यात रशियन यंत्रांची माहितीपत्रके मराठीत आणि इंग्रजीत आणणारा, त्या शहरात एकदाही पाऊल न टाकलेला तुमच्यासारखा माणूस एका शब्दाच्या पाटीवर इतका विश्वास ठेवत होता, हे मला तेव्हा भोळेपणाचे वाटे. मी अठरा वर्षांची होते आणि मला बहुतेक माणसे भोळी वाटत.

मी वर्गात पहिली होते आणि हे मला पुरेपूर ठाऊक होते. माझी पाळी आली तेव्हा मी स्थानकातून बाहेर पडले, भुयारी मार्गाने रस्ता ओलांडला, एक विभक्ती चुकली नाही, एक स्वराघात ढळला नाही. दुधाच्या दुकानापाशी पोचून मी तुमच्याकडे पाहिले. शाबासकीची सवय असलेल्या माणसाने पाहावे तसे. तुम्ही त्या वेळी आजीबाई होतात. आजीबाईंनी विचारले, ‘‘महिना कोणता चाललाय?’’ मी म्हटले, जानेवारी. ‘‘आणि तुमचे हात?’’ मी हातांकडे पाहिले. ‘‘उघड्या हातांनी जानेवारीत इतक्या लांब आलात? तुम्ही नाही आलात, बाई. तुमचं व्याकरण एकटंच आलंय. त्याला इथे थांबू द्या, तुम्ही घरी जा.’’ आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावले आहे आणि बहुतेकांचे मी दुरुस्त करून परत पाठवले आहे. हे मात्र जसेच्या तसे राहिले. एप्रिल उजाडेपर्यंत तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाहीत. मग एका शनिवारी, पंखा बंद पडलेला, खिडकीतून रस्त्यावरचे डांबर वास मारत असताना, तुम्ही माझ्या पुढ्यात लोकरीचे हातमोजे ठेवलेत. तुमच्या घरी काकूंनी विणलेले, गडद निळे, एका अंगठ्याची वीण जरा सैल. ‘‘घाला. आणि घाम आला तर रशियनमध्ये तक्रार करा.’’ मी घातले. घाम आला. तक्रार मी केली, आणि तुम्ही तीत दोन चुका काढल्यात.

मंडईतला तो दिवस मला असा आठवतो की तो अजून संपलेला नाही. तुम्ही आम्हाला भाजी आणायला नेले आहे; आपापसांत मराठीचा एक शब्द उच्चारायचा नाही, अशी आज्ञा आहे. उंच छपराखाली उजेड तिरपा उतरतो आहे. कोथिंबिरीच्या आणि पेरूंच्या वासात आम्ही मुळ्याच्या जुडीवरून गंभीरपणे चर्चा करतो आहोत. ओट्यावर मांडी घालून बसलेल्या भाजीवाल्या मावशी बराच वेळ ऐकून घेतात आणि तुम्हाला विचारतात, ‘‘सर, ही पोरं कुठली म्हणायची? मद्रासकडची?’’

‘‘सदाशिव पेठेतली.’’

‘‘मग मराठी बोलायला काय झालं?’’

‘‘रशियन शिकतायत.’’

‘‘शिकू द्या की. भाव मराठीतच राहील. आणि मुळा मोडून बघायचा नाही, हे तेवढं त्यांच्या भाषेत सांगा.’’

तुम्ही खरोखरच सांगितलेत, शब्दशः. मावशींना ते वाक्य आवडले. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावले.

मग तो डिसेंबर. रेडिओवर, दूरदर्शनवर, सगळीकडे एकच बातमी: तिथला झेंडा उतरवला. शनिवारी आम्ही वर्गात आलो तर तुम्ही फळ्यावर नेहमीसारखी तारीख लिहीत होतात. एका अभियंत्याने, जो तुमच्याच कारखान्यात होता, विचारले, ‘‘सर, म्हणजे आता आपण कुठल्या देशाची भाषा शिकतोय?’’ विचारण्यात कुचेष्टा नव्हती. त्याची पुढच्या वर्षीची बदली त्यावर अवलंबून होती. तुम्ही डस्टर खाली ठेवलेत. ‘‘ज्या देशात दुकानावर ‘दूध’ लिहितात, त्या. चला. मागच्या शनिवारी कोण कुठे राहिलं होतं?’’ त्या दिवशी चुका मनस्वी झाल्या. तुम्ही कोणालाच थांबवले नाहीत; सगळ्यांना बाजारापर्यंत जाऊ दिलेत. पुढे काही महिन्यांनी त्या मोठ्या रस्त्याला त्याचे क्रांतीपूर्वीचे नाव केव्हाच परत मिळाल्याचे मी तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘ज्यांना बदलायचं त्यांनी बदलावं. आपण अजून पोचलेलो नाही.’’ मी ते आज्ञा म्हणून घेतले. तुम्ही गेल्यावर वर्ग हाती घेतला तेव्हाही रस्त्याचे नाव जुनेच ठेवले. माझ्या वर्गात आजही लोक त्याच रस्त्याने जातात आणि त्याच दुकानात दूध घेतात.

त्याच वर्षांत आपले शहरही हलले. इतक्या सभ्यपणे की कुठलाही झेंडा उतरवावा लागला नाही. सरकारी दूध केंद्राची ती छोटी टपरी एका सकाळी उचलली गेली. पत्र्याच्या झाकणाच्या बाटल्या, त्यांचा पहाटेचा किणकिणाट, ओळखीच्या चेहऱ्यांची पेंगुळलेली रांग, सगळे एकदम. आता त्या कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी इंग्रजी आहे, दोन शब्दांची. आत काय चालते हे मला बाहेरून उमगेना, म्हणून मी आत जाऊन विचारले. तिथे कुत्र्यांचे केस कापतात. तुमचा कारखाना एकदम बंद पडला नाही. आधी भाषांतर विभाग गेला, मग उपाहारगृह, मग भोंगा. आज तिथे उंच इमारतींचे संकुल आहे आणि त्याला इटलीतल्या एका गावाचे नाव आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला फ्लॅटचा क्रमांक विचारला. मला तो सांगता आला नाही, म्हणून मी परत फिरले. गैरसमज नको. टेलिफोनसाठी नाव नोंदवून मुलांची लग्ने पार पडेपर्यंत वाट पाहणारी पिढी माझ्या डोळ्यांसमोर आहे; त्या काळाला सोनेरी मुलामा देण्याइतकी मी अजून सैल झालेले नाही. मला हवी आहे ती फक्त पाटी, जी वाचून आत काय आहे ते कळावे.

आता जे वर्गाला सांगितलेले नाही ते तुम्हाला सांगते. काही वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी मी मॉस्कोला जाऊन आले. हिवाळा होता, निळे हातमोजे नेले होते आणि घातले. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी मी कोणालाही न सांगता त्या स्थानकावर उतरले आणि आपल्या वाटेने निघाले. सर, त्या रस्त्याला चढ आहे. तुमच्या मॉस्कोत चढ नव्हता. तुमच्याजवळचा पर्यटकांचा नकाशा सपाट होता आणि तुमच्याबरोबर आम्ही सगळे वर्गातल्या सपाट फरशीवरून चाललो. खऱ्या रस्त्यावर माझे गुडघे बोलू लागले. दुधाचे दुकान सापडेना. शेवटी एका वृद्ध बाईंना मी गाठले आणि मोठ्या रस्त्याचे जुने नाव घेऊन दुधाचे दुकान विचारले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

‘‘त्या नावाने विचारणारं आता कोणी राहिलं नाही, बाई. कुठे शिकलात?’’

‘‘पुण्यात.’’

‘‘ते कुठे ते मला माहीत नाही. पण तुम्ही उभ्या आहात तिथेच होतं ते दुकान.’’

मी मागे पाहिले. काचेची दारे, आत संगणकांपुढे बसलेली तरुण मुले. बँक होती. ‘‘शेजारी ‘मांस’ही होतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आत गेलं की पुष्कळदा पाटीच तेवढी असायची.’’ मी हसले. ते त्यांना आवडले नाही. जणू मी त्यांच्या घरातल्या माणसाला हसले. ‘‘पण दूध असायचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरांना दूध असायचं.’’ आणि चढावरून निघून गेल्या.

छपराच्या बाजाराच्या जागी आता मोठे बहुमजली दुकान आहे. खालच्या मजल्यावर भाजी मांडलेली असते, दागिन्यांसारखी. तिथल्या एका भिंतीवर जुन्या बाजाराची मोठी छायाचित्रे लावली आहेत. मी ती एकेक करून पाहिली, आणि मग त्यांतल्या एकापुढे उभी राहून मला माझेच हसू आले. उंच टेबले, त्यांच्यामागे कोट घालून उभ्या असलेल्या विक्रेत्या. सर, तुम्ही आम्हाला शिकवलेत की तिथल्या भाजीवाल्या ओट्यावर मांडी घालून बसतात. आम्ही ते वाक्य पाठ केले. मी ते पुढे किती जणांकडून पाठ करून घेतले. त्या थंडीत, त्या देशात, बाजारात कोणीही मांडी घालून बसत नाही. नकाशावर बाजाराच्या जागी केवळ एक चौकोन होता, आणि चौकोनाच्या आत तुम्ही आपली मंडई नेऊन बसवली होती. मावशींसकट, कोथिंबिरीसकट, तिरप्या उजेडासकट. भाषांतरात अशी चूक मी केली असती तर तुम्ही मला त्या चौकोनात वर्षभर उभे केले असते. मी मात्र तिथे उभ्या उभ्या काही दुरुस्त करू शकले नाही. परत आल्यावरही केले नाही. मॉस्कोतून ती मंडई केव्हाच गेली होती, किंवा नव्हतीच कधी. ती आता जगात एकाच ठिकाणी उरली आहे, शनिवारच्या माझ्या वर्गात.

ती विद्यार्थिनी वाशिमची. वारज्याला दोन मैत्रिणींबरोबर राहते, त्या दोघी आयटीत. ही डॉक्टर व्हायला रशियात चालली आहे. आजकाल वर्गात बहुतेक असेच येतात. त्यांना साहित्य नको असते, वसतिगृहाच्या अधीक्षिकेशी भांडता येईल एवढी भाषा हवी असते. ही मात्र कान देऊन ऐकते. तीन शनिवारांपूर्वी ती पुढे होती. मोठ्या रस्त्याचे नाव तिने नवे घेतले, मी तिला दुधाच्या दुकानासमोर थांबवले. पुढच्या शनिवारी पुन्हा नवे नाव, पुन्हा थांबवले. गेल्या शनिवारी तिने फोन काढला.

‘‘मॅडम, तुम्ही मला जिथं उभं केलंय ना, तिथं बँक आहे. दोन आठवडे मी बँकेच्या दारात उभी आहे. वॉचमन काय म्हणत असेल?’’

वर्ग हसला. मी म्हटले, ‘‘फोन आत ठेवा. आपल्या मॉस्कोत तो चालत नाही.’’

‘‘पण तिथं चालतो ना, मॅडम. मी खरंच जाणारे. विमानतळावरून रेल्वे स्टेशनवर एकटीला जायचंय, दोन बॅगा घेऊन. मग काहून उभं ठेवता मले तिथं?’’

चिडली की ती वऱ्हाडी होते. मी चिडले की अधिक शुद्ध बोलते, हे तुम्हाला आठवत असेल. मी विचारले, ‘‘आपण वारज्याला बसमधून कुठे उतरता?’’

‘‘जकात नाक्याला.’’

‘‘जकात बंद होऊन किती काळ लोटला. तो नाका आपण कधी पाहिलात का?’’

आता वर्ग माझ्या बाजूने हसला. गावात मीही पाडलेल्या चित्रपटगृहांच्या नावानेच रिक्षा थांबवते. या शहरात निम्मे पत्ते अशा गोष्टींचे आहेत ज्या तिथे नाहीत. मला वाटले, मुद्दा संपला. तिने थोडा विचार केला आणि मुळीच आवाज न चढवता म्हटले, ‘‘नाही पाहिला. पण मॅडम, बस तिथं थांबते.’’

तिने बॅग खांद्याला लावली. ‘‘पुढच्या शनिवारी मी येते,’’ ती म्हणाली, ‘‘पण तिथं उभी नाही राहणार. पुढं नेणार असाल तर चालते.’’ रविवारी तिच्या वडिलांचा फोन आला. ती काही उलट बोलली असेल तर माफ करा, म्हणाले. आणि मग, ‘‘आमच्या घरातलं एवढ्या लांब एकटं कोणी गेलं नाही, मॅडम. तुम्ही तिले रस्ता तेवढा नीट सांगा. बाकीचं ती पाहून घेईल.’’ मी ‘‘सांगते’’ म्हटले. शब्द दिला आहे.

त्यामुळे आठवडाभर माझ्या टेबलावर दोन नकाशे आहेत. रस्त्याचे नाव मी बदलू शकते. खरे तर ते केव्हाच बदलायला हवे होते. चढही घालता येईल. विद्यार्थ्यांना शाळेच्या जिन्यावरून चालवीन, दम लागला पाहिजे. दुधाच्या दुकानाच्या जागी बँक ठेवीन, आवडली नाही तरी. पण मग छपराचा बाजार तसाच ठेवण्याचा मला काय अधिकार? मुलगी जाईल, एकटी, दोन बॅगा घेऊन, आणि मांडी घालून बसलेल्या मावशींना शोधत फिरेल. तेवढा निष्काळजीपणा मला परवडत नाही. आणि बाजार खरा केला, तर तुमचे त्या शहरात काहीही उरत नाही. कोणी म्हणेल, दोन्ही शिकवा, हे जुने आणि हे नवे. ती पळवाट आहे. चालायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली दोन शहरे देता येत नाहीत. तुम्ही दिली नाहीत.

म्हणून विचारते. छपराचा बाजार मी काढून टाकू का? हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, हे मला समजते. तरीही उत्तर शनिवारच्या आत हवे, होय किंवा नाही, आणि ते लेखी हवे, तुमच्या अक्षरात. तोंडी उत्तर मी ग्राह्य धरणार नाही. तुम्ही गेल्यापासून अडचणीच्या प्रत्येक वेळी मी तुम्हाला विचारत आले आहे, आणि तुमच्या आवाजात मला दर वेळी उत्तर मिळत आले आहे. त्यांतल्या एकाही उत्तरात तुम्ही मला चूक ठरवलेले नाही. ती उत्तरे तुमची नसावीत, असा मला फार दिवसांपासून संशय आहे.